धुके पिणारा आणि गोठून जगणारा

अलास्काच्या अंतर्भागात प्रॉस्पेक्ट क्रीक नावाचे ठिकाण आहे. 23 जानेवारी 1971 रोजी तिथले तापमान उणे 62.1 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. अमेरिकेत नोंदले गेलेले हे आजवरचे सर्वांत नीचांकी तापमान. अलास्काच्या याच अंतर्भागात, बर्चच्या जंगलांतल्या वाळलेल्या झाडांच्या सालीखाली, दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा एक काळा, खरबरीत पाठीचा भुंगेरा हिवाळा काढतो. त्याचे शास्त्रीय नाव युपिस सेरॅम्बॉइडिस. तो स्थलांतर करत नाही, की उबेसाठी जमिनीत खोल उतरत नाही. त्याच्या अंगात बर्फ धरतो, तो पुरता कडक होतो, आणि वसंतात वितळून पुन्हा चालू लागतो. प्रयोगशाळेत उणे 60 अंशांच्या आसपास नेलेले युपिसही जिवंत राहिलेले आहेत.

आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाकडे. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, आजच्या नामिबिया देशात, अटलांटिक महासागराला लागून नामिबचे वाळवंट पसरले आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस नावाचा भुंगेरा राहतो. रंग तोच काळा, लांबीही जवळपास तेवढीच. पाऊस तिथे जवळजवळ पडतच नाही. समुद्रावरून धुके आले की हा भुंगेरा वाळूतून वर येतो, टेकडीचा माथा गाठतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली आणि पार्श्वभाग वर अशा स्थितीत उभा राहतो, आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून तोंडाशी आले की पितो.

हे दोघे एकाच कुलातले आहेत. पुढील पानांत त्यांची जोडी लावली आहे ती त्यामुळेच. केवळ विचित्र जीवांच्या यादीत शोभणारे दोन कीटक हवे असते तर निवडीला तोटा नव्हता. भुंगेऱ्यांच्या म्हणजे ढालपंखी कीटकांच्या सुमारे चार लाख प्रजातींचे वर्णन आजवर झाले आहे, आणि त्यांत कुठलेही दोन उचलले तरी फरकांची रांग लागते. पण शेणातला भुंगा आणि तळ्यातला पाणभुंगेरा शेजारी ठेवले, तर दिसणारा फरक अधिवासामुळे आला की मुळातल्या वेगळ्या वंशामुळे, हे सांगता येत नाही. एकाच घराण्यातले दोघे निरनिराळ्या मुलखांत जाऊन काय झाले, हे पाहिले तर अधिवासाचा वाटा वेगळा काढता येतो. निदान तसा प्रयत्न तरी करता येतो.

या घराण्याचे नाव टेनेब्रिओनिडी. सुमारे 20,000 प्रजाती, बहुतेक काळपट, बहुतेक मृत वनस्पती, कुजके लाकूड, बुरशी किंवा सुका कचरा खाणाऱ्या. मराठी वाचकाला हे घराणे परके वाटायचे कारण नाही. पिठाच्या डब्यात किंवा जुन्या रव्यात सापडणारा तांबूस-तपकिरी, तीन-चार मिलिमीटरचा किडा हा याच कुलातला. शेतकी पुस्तकांत त्याला तांबडा भुंगेरा म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रायबोलियम कॅस्टेनियम. (गव्हा-तांदळातला सोंडवाला किडा वेगळ्या कुलातला, दोघांची गल्लत नेहमी होते.) या पिठातल्या भुंगेऱ्याचा संपूर्ण जीनोम 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. भुंगेऱ्यांपैकी ज्याचा जीनोम सर्वांत आधी वाचला गेला तो हाच.

बंद डब्यात, कोरड्या पिठात, पाण्याचा थेंब न मिळता हा किडा पिढ्यान्पिढ्या कसा राहतो? त्याचे रहस्य आतड्याच्या शेवटच्या भागात आहे. मूत्रपिंडाचे काम करणाऱ्या नलिकांची टोके तिथे गुदाशयाला घट्ट चिकटलेली असतात आणि त्यांच्यावर एक आवरण असते. 2023 मध्ये कोपनहेगन आणि एडिनबर्ग येथील संशोधकांनी या रचनेचे काम उलगडून दाखवले. नलिकांतल्या काही खास पेशी बाहेरचे क्षार आत खेचतात, नलिकांतला द्रव अतिशय क्षारयुक्त होतो आणि त्या ओढीने गुदाशयातले पाणी शरीरात परत येते. विष्ठा जवळजवळ कोरडी पडते. हवा पुरेशी दमट असेल तर तिच्यातली वाफसुद्धा या मार्गाने शोषली जाते. म्हणजे पाणी जपण्याची ही हातोटी घराण्यातच होती. नामिबमध्ये पोचलेल्या वंशाने ती तिथे जाऊन शिकली असे नव्हे.

नामिबबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण या वाळवंटाच्या भुंगेऱ्यांचा जितका बारकाईने अभ्यास झाला आहे तितका फार थोड्या ठिकाणच्या कीटकांचा झाला असेल. किनाऱ्यालगत बेंग्वेला नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरून येणारी दमट हवा गार होते, ढग आणि धुक्याच्या रूपाने जमिनीवर सरकते, रात्रीतून आत शिरते आणि सकाळचे ऊन चढले की विरते. किनाऱ्यापासून सुमारे साठ किलोमीटर आत, क्वीसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी गोबाबेब नावाचे संशोधन केंद्र आहे. तिथे पाऊस वर्षाकाठी सरासरी 25 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही दरवर्षी पडेलच असे नाही. धुके मात्र वर्षातले सुमारे 60 दिवस येते. वाळवंटातल्या जीवांच्या दृष्टीने जास्त भरवशाचा स्रोत कोणता, हे या दोन आकड्यांवरून कळते.

गोबाबेबचे केंद्र 1962 मध्ये सुरू झाले ते एका भुंगेऱ्यांच्या अभ्यासकामुळेच. ऑस्ट्रियात जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स कोख हे टेनेब्रिओनिडी कुलाचे जाणकार. वाळूच्या टेकड्या, खडीचे सपाट मैदान आणि नदीचे पात्र असे तीन अधिवास जिथे एकमेकांना भिडतात ती जागा त्यांनी निवडली. अधिवासांची तुलना करू पाहणाऱ्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. 1970 मध्ये कोख गेले आणि केंद्राची धुरा मेरी सीली या तरुण संशोधिकेकडे आली. पुढे अनेक दशके त्यांनी ती वाहिली.

1976 मध्ये सीली आणि विल्यम हॅमिल्टन (उत्क्रांतिशास्त्रातले प्रसिद्ध डब्ल्यू. डी. हॅमिल्टन ते वेगळे) यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिसच्या या शीर्षासनाची पहिली शास्त्रीय हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी भुंगेऱ्यांचे वजन धुक्यापूर्वी आणि धुक्यानंतर केले. एका धुक्यात भुंगेऱ्याच्या वजनात सरासरी 12 टक्के भर पडत होती, आणि सर्वांत जास्त पाणी प्यायलेल्याच्या वजनात 34 टक्के. साठ किलो वजनाच्या माणसाने एका बैठकीत वीस लिटर पाणी पिण्याइतका हा हिशेब आहे.

त्या निरीक्षणातला दुसरा भाग आकड्यांइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो सहसा कुणी सांगत नाही. ओनिमॅक्रिस हा दिवसाचा, उन्हाचा किडा. तापलेल्या वाळूवर तो वाऱ्याने उडून आलेला सुका कचरा खात हिंडतो आणि रात्र वाळूत पुरून काढतो. धुके येते ते रात्री किंवा पहाटे, गारठ्यात. अशा वेळी बाहेर पडायचे म्हणजे आपल्या रोजच्या वेळापत्रकाविरुद्ध जायचे, थंड शरीराने टेकडी चढायची आणि तिच्या उघड्या माथ्यावर हालचाल न करता उभे राहायचे. पाण्यासाठी त्याने बदललेली पहिली गोष्ट पाठ नसून सवय आहे.

पाठीची कथा मात्र जगभर गाजली. 2001 मध्ये ‘नेचर’मध्येच अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांचा एक छोटा निबंध आला. नामिबच्या एका भुंगेऱ्याच्या पाठीवर बारीक उंचवटे असतात, त्यांची टोके पाणी धरून ठेवतात आणि मधले मेणचट भाग पाणी झटकतात, त्यामुळे टोकांवर थेंब मोठे होऊन घरंगळतात, असे त्यात मांडले होते. भुंगेऱ्याची ओळख ‘स्टेनोकारा’ अशी दिली होती. कल्पना देखणी होती. 2006 मध्ये एमआयटीतल्या रॉबर्ट कोहेन आणि मायकेल रुबनर यांच्या गटाने याच तत्त्वावर पाणी धरणारे ठिपके आणि पाणी झटकणारी पार्श्वभूमी असलेला कृत्रिम पृष्ठभाग तयार केला. त्यानंतर धुक्यातून पाणी काढणाऱ्या साहित्यावरच्या असंख्य लेखांची सुरुवात नामिबच्या उंचवटेदार भुंगेऱ्यापासून होऊ लागली.

नामिबमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्यांना ही कथा पटली नाही. स्टेनोकारा डोके खाली करून धुके पिताना त्यांना कधी दिसला नव्हता. शिवाय निबंधातला भुंगेरा मुळात स्टेनोकारा नसून बहुधा फिझास्टर्ना क्रिब्रिपीस असावा, आणि तोही धुक्यात शीर्षासन करत नाही. ही सवय पक्की नोंदली गेली आहे ती ओनिमॅक्रिसच्या दोनच प्रजातींत, अंग्विक्युलॅरिस आणि पांढऱ्या पाठीचा बायकलर. त्यांतल्या अंग्विक्युलॅरिसच्या पाठीवर उंचवटे नसतातच. ती गुळगुळीत असते, लांब खाचा असलेली.

हा वाद शेवटी तुलनेनेच पुढे नेला. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे थॉमस नॉरगार्ड आणि मारी डाके यांनी चार प्रजाती घेतल्या: ओनिमॅक्रिसच्या दोन (अंग्विक्युलॅरिस आणि बायकलरहून वेगळी एक), स्टेनोकारा ग्रॅसिलिपीस आणि फिझास्टर्ना क्रिब्रिपीस. कृत्रिम धुक्याच्या कक्षात जिवंत भुंगेरे सोडले तेव्हा शीर्षासन केले ते फक्त अंग्विक्युलॅरिसने. मग चारही प्रजातींचे मृत नमुने त्याच कोनात, डोके खाली करून, धुक्यात ठेवले. पाणी सर्वांच्याच पाठीवर जमले. पाठीच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात पाहिले तर उंचवटेवाले आणि गुळगुळीत यांच्यात फरक आढळला नाही. मोठ्या पाठीला जास्त पाणी, एवढेच. 2010 चा हा निबंध शांत भाषेत लिहिलेला आहे, पण त्याने दाखवलेली गोष्ट मोठी आहे: एकाच प्रजातीकडे पाहून बांधलेला तर्क, शेजारी तिची भावंडे उभी केली की तपासता येतो.

एमआयटीच्या पृष्ठभागाचे मोल यामुळे कमी होत नाही. तो पाणी गोळा करतो हे खरेच आहे. पण ज्याने शोध लावला त्याच्या नावावर तो जमा व्हावा, हा न्याय कीटकालाही लागू व्हायला हवा. पुढील पानांत प्रजातींची लांबलचक नावे वारंवार येतील. ‘नामिबचा भुंगेरा’ एवढ्यावर भागवले असते तर वाचन सोपे झाले असते, पण वरचा सारा घोटाळा तशाच सैल नावाने झाला.

ओनिमॅक्रिसच्या शरीरातही कोरड्या मुलखाच्या खुणा आहेत. त्याचे वरचे टणक पंख एकमेकांना कायमचे जोडलेले आहेत, त्यामुळे त्याला उडता येत नाही. पण या जोडलेल्या ढालीखाली हवेची एक बंद पोकळी तयार होते. पोटावरची श्वसनरंध्रे या पोकळीत उघडतात, आणि श्वासाबरोबर जाणारी वाफ थेट वाळवंटाच्या हवेत न जाता त्या दमट पोकळीत अडते. उड्डाण सोडून त्याने पाणी राखले, असे म्हणायला हरकत नाही.

आता युपिसकडे वळू. कार्ल लिनियसने 1758 मध्येच त्याची नोंद केली होती, कारण तो उत्तर युरोपातही आढळतो. स्वीडनच्या माणसाला तो घरचाच. त्याच्या थंडी सोसण्याचा अभ्यास मात्र मुख्यतः अलास्कातल्या फेअरबँक्स येथे झाला. 1970 च्या दशकात कीथ मिलर यांनी दाखवले की हिवाळ्याच्या तोंडावर या भुंगेऱ्याच्या रक्तद्रवात सॉर्बिटॉल आणि थ्रीटॉल ही साखरवर्गीय अल्कोहोले साठतात. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. तापमान सावकाश उतरवले तर भुंगेरा अतिशीत थंडीतून वाचतो, आणि तेच तापमान झटपट गाठले तर मरतो.

हे असे का, हे समजण्यासाठी गोठणे म्हणजे काय ते नीट पाहायला हवे. युपिसचे शरीर उणे आठ अंशांच्या आसपास गोठू लागते. कडाक्याच्या मानाने हे बरेच लवकर झाले, आणि लवकर होणेच त्याच्या फायद्याचे. बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या द्रवात धरतो. बर्फ होताना फक्त पाणी घट्ट होते, विरघळलेले क्षार मागे राहतात, आणि उरलेला द्रव अधिकाधिक संपृक्त होत जातो. काकडीला मीठ लावून ठेवले की पाणी सुटते, तसेच पेशींतले पाणी या संपृक्त द्रवाकडे ओढले जाते. पेशी आक्रसतात, आतला द्रव दाट होतो आणि त्यामुळे तो गोठायचा टळतो. या सगळ्याला वेळ लागतो. थंडी एकदम कोसळली तर पाणी बाहेर पडायच्या आत पेशीतच बर्फाचे स्फटिक होतात आणि ती फाटते.

म्हणजे युपिसच्या पेशीला अलास्काचा हिवाळा भोगावा लागतो तो कोरडेपणाच्या रूपाने. बर्फाने वेढलेली पेशी ही पाणी हिरावलेली पेशी असते. ओनिमॅक्रिसपुढचा प्रश्न शरीराबाहेरच्या दुष्काळाचा, युपिसपुढचा शरीरातल्या दुष्काळाचा. एक सूर्याने तापलेल्या वाळूवर आणि दुसरा सहा महिन्यांच्या हिमात, तरी दोघांचा झगडा पाण्याच्या हिशेबाशीच आहे. ही तुलना करण्यामागचे खरे कारण हेच.

2009 मध्ये केंट वॉल्टर्स, ब्रायन बार्न्स, जॅक ड्युमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युपिसमधून एक नवाच पदार्थ वेगळा केला. त्याचे नाव झायलोमॅनन. बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारे जे पदार्थ मासे आणि कीटक यांच्यात तोवर सापडले होते ते सारे प्रथिनांचे होते. झायलोमॅनन मात्र झायलोज आणि मॅनोज या शर्करांचा बनलेला, सोबत मेदाम्ल, आणि प्रथिन जवळजवळ नाहीच. त्याच्या उपस्थितीत बर्फाचा स्फटिक वितळण्याच्या तापमानापेक्षा 3.7 अंशांपर्यंत खाली नेला तरी वाढत नाही. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. उणे साठच्या थंडीत पावणेचार अंशांनी काय साधणार? पण युपिसला अंगातला बर्फ टाळायचा नसतोच. तो पेशीच्या उंबरठ्यावर अडवायचा असतो, आणि हा पदार्थ पेशीपटलाशी राहून बाहेरचा स्फटिक आत शिरू देत नसावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की अधिवासाने प्रत्येक भुंगेऱ्याला हवे तसे घडवले. ते इतके सरळ नाही. अलास्कातच झाडांच्या सालीखाली कुकुजस क्लॅव्हिपीस नावाचा दुसरा, चपटा तांबडा भुंगेरा राहतो. तो वेगळ्या कुलातला. थंडी तीच, निवारा तोच, पण त्याची रीत युपिसच्या नेमकी उलट. त्याच्या अळ्या गोठतच नाहीत. त्या शरीरातले बरेचसे पाणी आधीच कमी करतात, प्रथिनांचे गोठणरोधक आणि ग्लिसरॉल साठवतात, आणि उरलेला द्रव शेवटी स्फटिक न होता काचेसारखा घट्ट होतो. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही अळ्या उणे 100 अंशांपर्यंत नेऊनही वाचल्या. एकाच सालीखाली एक गोठून जगतो, दुसरा न गोठता.

नामिबमध्येही असेच आहे. लेपिडोकोरा हे टेनेब्रिओनिडी कुलातलेच चपट्या, गोल अंगाचे भुंगेरे त्याच टेकड्यांवर राहतात. ते डोक्यावर उभे राहत नाहीत. ते रात्रीच्या धुक्यात वाळूत वाऱ्याला आडवे लांब चर ओढतात, चरांच्या काठांवर आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त ओल जमते, आणि मग परत फिरून ते त्या काठातली ओल शोषून घेतात. सीली आणि हॅमिल्टन यांनी हे वर्तनही 1976 मध्येच नोंदवले. आणि त्याच टेकड्यांच्या परिसरात असेही कितीतरी भुंगेरे आहेत जे धुक्याचे पाणी गोळा करण्याच्या भानगडीत पडत नाहीत; अन्नातला ओलावा आणि आतड्यातली ती घराण्याची नळी यांवर त्यांचे भागते.

अधिवास प्रश्न घालून देतो. उत्तर कसे येईल हे त्या वंशाकडे आधीपासून काय शिलकीत होते त्यावर ठरते, आणि म्हणून एकाच प्रश्नाला दोन-तीन उत्तरे मिळतात. पुढील पानांतली तुलना या धोरणाने केली आहे. दोन भुंगेऱ्यांचे फरक कोष्टकात मांडून ती थांबत नाही. प्रत्येक फरकापाशी त्या-त्या ठिकाणचा तिसरा शेजारी बोलावून विचारते, की हा फरक जागेचा की घराण्याचा.

जागा म्हणजे केवळ तापमान आणि पाऊस नव्हे, हेही युपिसच शिकवतो. थंडी सोसण्याचे एवढे सामर्थ्य असूनही स्वीडनमध्ये तो धोक्यातल्या कीटकांत मोडतो. त्याच्या अळ्या वाढतात त्या मेलेल्या बर्चच्या सालीखाली, आणि त्यातही उन्हात असलेल्या, एकमेकांजवळ पडलेल्या भरपूर लाकडात. असे लाकूड पूर्वी वणव्यांनंतर मिळायचे. वणवे विझवण्याची व्यवस्था चोख झाली, व्यावसायिक वनांतून मेलेली झाडे हलवली जाऊ लागली, आणि उणे साठ अंशांना न डगमगणारा हा कीटक तिथून मागे हटला. आता स्वीडनमध्ये जंगलाचे काही तुकडे मुद्दाम, आखून जाळले जातात, आणि अशा जळितांत उभी राहिलेली मृत बर्च युपिसच्या कामी येते. नामिबचा वालुकासागर 2013 मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाला, तेव्हाही तिथल्या धुक्याचा उल्लेख त्याच्या वैशिष्ट्यांत आवर्जून झाला होता. पुढील दोन्ही भागांची सुरुवात म्हणूनच भुंगेऱ्यापासून केलेली नाही. पहिला भाग बेंग्वेलाच्या थंड पाण्यापासून निघतो, दुसरा बर्चच्या मेलेल्या खोडापासून. भुंगेरे त्यानंतर येतात.